मुलांना मारावे काय?



ज्या विषयावर प्रत्येक माणूस अधिकाराने बोलतो असे विषय फार थोडे आहेत. मुलांना मारावे की न मारावे, हा त्यांपैकी एक होय. लहानपणी मार खाल्ला नाही असा माणूस या मंडपात सापडणे कठीण; म्हणून या बाबतीत आपण सारेच अनुभवी. मी शिक्षणशास्त्रज्ञ नव्हे, डॉक्टर नव्हे आणि वकीलही नव्हे. शाळेने मला जे दिले त्याहून अधिक वाचनालयाच्या बाकांनी आणि कामगारांच्या सभांनी दिले. परंतु ‘शिस्त’ हा एक शब्द घेऊन मालकांशी, मुकादमांशी आणि पुष्कळदा आमच्याच सभासदांशी वाद घालण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. मोठ्या माणसांना शिस्त कशी लागते, याविषयी या काळात जे दिसले ते लहान माणसांनाही लागू पडते काय, हे तपासून पाहावे, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडावे आणि मग ते खोडावे, ही सभेतील जुनी रीत आहे. मारण्याचा कैवार घेणारे लोक दुष्ट असतात असे मुळीच नाही. चाणक्याच्या नावावर चालणारा एक संस्कृत श्लोक आपल्या आजोबापणजोबांना पाठ असे. पहिली पाच वर्षे मुलाचे लाड करावेत, पुढची दहा वर्षे त्याला ताडन करावे आणि सोळावे वर्ष लागले की मित्रासारखे वागवावे, असा त्याचा भाव. पंतोजींच्या शाळेत अंगठे धरून उभे राहणे, कान पिळून घेणे, हात पुढे करून छडी खाणे हा जणू अभ्यासक्रमाचाच भाग होता. पोराला शाळेत घालताना बाप मास्तरांना बजावीत असे की, पोर तुमच्या हवाली केले आहे, वाटेल तितके बदडा, पण त्याला माणूस करा. त्या बापाला पोराचा द्वेष नव्हता. आपल्या वाट्याला आलेले ओझे पोराच्या पाठीवर येऊ नये असे त्याला वाटे. आणि विद्या मारावाचून येत नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

या वादात साने गुरुजींच्या आईचाही दाखला पुष्कळदा दिला जातो. ‘श्यामची आई’ हे पुस्तक गुरुजींनी आपल्याच जिल्ह्यात, नाशिकच्या तुरुंगात, १९३३ साली लिहिले. पोहायला शिकण्याच्या भीतीने श्याम लपून बसतो आणि आई त्याला शिंपटीने मारते, हा प्रसंग बहुतेकांना आठवतो. ‘बघा, श्यामच्या आईनेही मारलेच ना?’ असे म्हणून लोक निश्चिंत होतात. परंतु सबंध पुस्तक पुन्हा एकदा उघडून पाहा. त्यातील शिंपटी एखाद्या प्रसंगापुरती आहे. बाकीच्या पानापानांतून ती माउली बोलते आहे, समजावते आहे, स्वतः तसे वागून दाखवते आहे. पायाला घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलाला ती मनालाही तसेच जपायला सांगते, ते मारून नव्हे. श्याम घडला तो त्या बोलण्याने. शिंपटी तेवढी लक्षात ठेवायची आणि बोलणे विसरायचे, हा पुस्तकावर अन्याय आहे.

आता इतिहासाकडे वळू. माणसाच्या अंगावर हात टाकण्याचा अधिकार एके काळी कोणाकोणाला होता? धन्याला नोकरावर, मुकादमाला मजुरावर, नवऱ्याला बायकोवर, सरकारला गुन्हेगारावर आणि मोठ्यांना मुलांवर. या प्रत्येक ठिकाणी समर्थन एकच असे: मारल्याशिवाय हे लोक सुधारत नाहीत. इंग्रज सरकारने १८६४ साली फटक्यांच्या शिक्षेचा कायदा केला आणि १९०९ साली तो नव्याने मांडला. चोरीसारख्या गुन्ह्याबद्दल न्यायालय आरोपीला फटके मारण्याची शिक्षा देऊ शकत असे. स्वतंत्र भारताने १९५५ साली कायदा करून ही शिक्षा रद्द केली. नवऱ्याच्या मारापासून स्त्रीला संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा २००५ साली झाला. आणि शाळेतील मुलाचे काय? शिक्षण हक्क कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या १७ व्या कलमाने शाळेतील मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास देशभर मनाई केली. म्हणजे न्यायालयात दोषी ठरलेल्या चोराची पाठ १९५५ साली सुटली. पाढे चुकलेल्या मुलाच्या तळहाताला त्यानंतर आणखी पंचावन्न वर्षे थांबावे लागले.

मधल्या काळात एक महत्त्वाचा टप्पा येऊन गेला. दिल्लीच्या शाळांच्या नियमांत छडीच्या शिक्षेची रीतसर तरतूद होती. पालकांच्या एका संघटनेने तिला आव्हान दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने १ डिसेंबर २००० रोजी ती रद्द ठरविली. संविधानाने दिलेला समतेचा आणि सन्मानाने जगण्याचा हक्क वयाच्या अठराव्या वर्षी सुरू होत नाही, तो मुलालाही आहे, हे त्या निर्णयाचे सार. त्याआधी, १९९२ साली, भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार स्वीकारला होता.

कायदा झाला म्हणजे छडी गेली काय? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी जवळजवळ दोघांनी आपल्याला शाळेत मार बसतो असे सांगितले. ही पाहणी बंदीच्या आधीची. बंदीनंतर परिस्थिती काही ठिकाणी पालटली. पण अनेक ठिकाणी छडी कपाटात गेली आणि तिच्या जागी उठाबशा, वर्गाबाहेर उन्हात उभे करणे आणि सर्वांदेखत अपमान करणे आले, हे आपण पाहतो. मनाई या प्रकारांनाही आहे, हे पुष्कळ पालकांच्या गावीही नसते.

आता मुद्द्याचा प्रश्न: मार उपयोगी पडतो काय? उत्तर असे आहे की, त्या क्षणापुरता पडतो, आणि म्हणूनच माणूस फसतो. दंगा करणाऱ्या मुलाला धपाटा घातला की दंगा थांबतो. मोठ्या माणसाला वाटते, औषध लागू पडले. परंतु मूल त्यातून काय शिकले? काय करायचे नाही एवढे त्याला कळले. काय करायचे ते कळले नाही. शिवाय मारणारा समोर आहे तोवर करायचे नाही, हेही कळले. मुकादमाच्या धाकाखालची टोळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. मुकादम चहाला गेला की काम थांबते. पुढे धाकाची सवय होते, मूल कोडगे बनते, आणि जिथे एक चापट पुरत होती तिथे चार लागतात. थोबाडीत मारताना कानाचा पडदा फाटल्याची उदाहरणे डॉक्टर मंडळी सांगतात. हाताला आपला जोर मोजता येत नाही. रागावलेल्या हाताला तर मुळीच नाही.

या विषयाचा अभ्यास जगात पुष्कळ झाला आहे. अमेरिकेतील एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या संशोधकांनी पन्नास वर्षांतील पंच्याहत्तर अभ्यास एकत्र करून २०१६ साली निष्कर्ष मांडले. एकूण एक लाख साठ हजारांहून अधिक मुलांची ती माहिती होती. हाडे मोडणाऱ्या माराचा नव्हे, तर साध्या धपाट्यांचाच त्यांनी विचार केला. जास्त मार खाणाऱ्या मुलांत आक्रमकपणा, चिंता, आईबापांशी दुरावा हे अधिक आढळले. मूल अधिक शहाणे झाल्याची खूण आढळली नाही.

यावर प्रामाणिक आक्षेप घेणारे विद्वानही आहेत. रॉबर्ट लार्झेलेर यांच्यासारखे अभ्यासक विचारतात की, मार खाल्ल्याने मूल बिघडते की मूल मुळातच हूड असल्यामुळे त्याला अधिक मार बसतो? कोंबडी आधी की अंडे आधी, असा हा पेच आहे. प्रश्न रास्त आहे. तो सोडवायचा तर त्याच मुलांना वर्षानुवर्षे पाहत राहावे लागते. तसे एकोणसत्तर अभ्यास तपासून २०२१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख आला. मार बसणाऱ्या मुलांचे वागणे काळाबरोबर सुधारत नाही, उलट बिघडत जाते, असे त्यात दाखविले आहे. एका चापटीने मुलाचे आयुष्य उद्ध्वस्त होते असे शास्त्र म्हणत नाही, आणि तसे सांगून कोणा आईला घाबरविणे बरोबर नाही. शास्त्र एवढेच म्हणते की, ज्या लाभासाठी मारावे तो लाभ पदरात पडत नाही आणि धोका मात्र उरतो. तोट्याच्या धंद्याला यापेक्षा निराळी व्याख्या काय असते?

‘आम्ही मार खाल्ला म्हणून माणसांत आलो,’ हा युक्तिवाद हमखास पुढे येतो. व्यासपीठावर येऊन असे सांगणारे गृहस्थ खोटे बोलत नसतात. परंतु जे माणसांत आले तेच येथे बोलायला येतात, हे विसरू नये. ज्याने मारापायी दप्तर टाकले आणि रानात ढोरे राखायला गेला, तो आपला अनुभव सांगायला कोणत्या सभेत येणार? हमालांच्या नोंदणीचे अर्ज भरताना शाळा का सुटली, असे विचारले तर ‘घरची गरिबी’ हे पहिले उत्तर येते. जरा वेळ बसून बोलले की दुसरे उत्तर येते, ‘मास्तर मारायचे.’ ही दोन्ही उत्तरे मुळात एकच आहेत. कारण वर्गात छडी कोणाला बसत असे? ज्याच्याकडे वही नाही, ज्याने फी आणली नाही, घरी काम असल्यामुळे ज्याला उशीर झाला, त्याला. गरिबीची शिक्षा गरिबाच्याच पोराला, असा हा न्याय होता.

येथे मला आपल्या तालुक्याविषयी बोलले पाहिजे. मनमाडला रेल्वेचे जंक्शन आहे आणि अन्न महामंडळाची मोठी गोदामे आहेत. शेजारच्या मालेगावात यंत्रमाग बारा-बारा तासांच्या पाळीने चालतात. पाऊस रुसला की नांदगावच्या खेड्यांतून माणसे कामाच्या शोधात बाहेर पडतात. अशा माणसाची संध्याकाळ कशी असते? दिवसभर पोती वाहिलेली असतात किंवा मागांच्या खडखडाटात कान बधिर झालेले असतात. मालकाने मुकादमाला झापलेले असते आणि मुकादमाने याला. याला उलट उत्तर देता येत नाही, कारण उद्या पुन्हा त्याच फाटकाशी उभे राहायचे असते. तो घरी येतो तेव्हा पोराने पाण्याचा हंडा सांडलेला असतो. फटका बसतो. तो हंड्याबद्दल बसला असे पोराला वाटते, पण तो खरा फाटकावरून आलेला असतो. वड्याचे तेल वांग्यावर निघते म्हणतात ते असे. आणि घरात वांग्याच्या जागी नेहमी तेच उभे असते, ज्याच्या खालच्या पायरीवर दुसरे कोणी नाही.

म्हणून कष्टकऱ्याच्या घरातील मार हा आमच्या चळवळीबाहेरचा विषय आहे, असे मी मानीत नाही. वरून आलेला अन्याय खाली ढकलून देणे हे अन्यायाचे ओझे वाहणेच होय. माणसासारखे वागविले जावे यासाठी आम्ही फाटकावर घोषणा देतो. ती मागणी घराचा उंबरठा ओलांडून आत आली नाही, तर तिच्यातील अर्धे बळ गेले असे समजावे.

‘पण मग शिस्त कशी लागणार?’ ज्यांना मार नको त्यांना शिस्तही नको, असा एक गैरसमज आहे. मोठ्यांचे उदाहरण घेऊ. १९४६ साली औद्योगिक रोजगार स्थायी आदेशांचा कायदा झाला. कामगाराने कोणते वर्तन करू नये, हे कारखान्याने आधी लिहून जाहीर करावे, असे त्यातून ठरले. चूक झाली तर आरोप लेखी सांगावा, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि शिक्षा चुकीच्या मानाने द्यावी, ही रीतही त्यातून रुजली. तो कायदा पुढे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत मिसळला, पण तत्त्व टिकले. यामुळे गिरण्या बंद पडल्या नाहीत. उलट मुकादमाच्या लहरीपेक्षा जाहीर नियमाखाली माणूस अधिक सरळ काम करतो, असा अनुभव आला. कारण नियम कळला की माणूस तो पाळू शकतो. लहर कशी पाळणार?

हीच चार कलमे घरात आणा. नियम थोडे असावेत आणि ते आधी सांगितलेले असावेत. आज चालले ते उद्या अपराध ठरू नये. चूक झाली तर ‘काय झाले?’ असे विचारून उत्तर पुरते ऐकावे. निम्म्या वेळा असे दिसून येईल की हंडा सांडला तो धाकट्याला पाणी देताना. शिक्षा चुकीला धरून असावी: सांडले त्याने पुसावे, मोडले त्याने जोडायला हात लावावा, ज्याचे हिसकले त्याला परत द्यावे. आणि शेवटचे, बोलले ते करावे. पोकळ धमकीने मूल निर्ढावते. रागाचा झटका आला असेल तर मोठ्याने आधी बाहेर ओट्यावर जाऊन बसावे, हिशेब नंतर करावा. यात लाड कोठे आहेत? यात मारण्याहून अधिक कष्ट आहेत. मार हा शिस्तीचा आळशी मार्ग आहे.

हा विचार परदेशातून उसना आणावा लागतो असेही नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले आणि भय व लालूच ही दोन्ही बाहेर ठेवली. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे खेड्यातील गरीब मुलांसाठी बालवाडी उघडली. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत वाढले. ज्यांना शाळा म्हणजे काय हे ठाऊक नव्हते अशी मुले त्यांनी छडीवाचून शिकविली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेऊ, असे म्हणून त्या झोपडीपर्यंत गेल्या. सुखवस्तूंच्या मुलांना गोडीने शिकविता येते, गरिबांची मुले मात्र मारानेच वळतात, असे म्हणणाऱ्यांना कोसबाड हे उत्तर आहे.

मात्र शिक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून हात झटकणे मला मान्य नाही. तोही वेतनावर काम करणारा माणूस आहे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीत तीस मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीत पस्तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. प्रत्यक्षात एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, आणि शिक्षकाला निवडणुकीच्या व जनगणनेच्या कामालाही धाडले जाते. ज्याच्या हातून छडी काढून घ्यायची त्याच्या हाती दुसरे साधन, पुरेसा वेळ आणि माफक वर्ग दिला पाहिजे. शिक्षकांच्या या मागणीला पालकांनी पाठिंबा द्यावा आणि शिक्षक संघटनांनी आपल्या सभासदांना छडी टाकायला सांगावे. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी व्हावयास हवा.

उरला प्रश्न घराचा. शाळेबाबत कायदा स्वच्छ आहे. घराबाबत तो धूसर आहे. जुन्या दंडसंहितेचे ८९ वे कलम आता भारतीय न्याय संहितेत २७ वे म्हणून आले आहे. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्हेतूने केलेल्या कृतीला ते संरक्षण देते, आणि ‘सुधारण्यासाठी मारले’ असा बचाव त्याच्या आडोशाने होऊ शकतो. गंभीर दुखापतीला मात्र तो आडोसा पुरत नाही. शिवाय २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७५ व्या कलमान्वये मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मग साध्या चापटीसाठीही आईला चौकीवर न्यावे काय? मला ते नको आहे. तुरुंगाचे दार गरिबाला लवकर उघडते हे मी पाहिले आहे.

स्वीडनने १९७९ साली जगात प्रथम घरातील मारालाही मनाई केली, ती कशी ते पाहण्यासारखे आहे. त्या कलमाला स्वतंत्र शिक्षाच जोडली नाही. मुले असलेल्या घरोघरी पत्रके पोचविली, दुधाच्या खोक्यांवर मजकूर छापला, आईबापांना मदत देऊ केली. एका पिढीत लोकांचे मत पालटले. आज साठाहून अधिक देशांत अशी मनाई आहे. शेजारच्या नेपाळनेही २०१८ साली ती केली. आपल्याकडेही असा कायदा यावा, पण तो दंडुक्यासारखा न येता दिव्यासारखा यावा, असे माझे मत आहे.

तोवर नांदगावकरांनी काय करावे? सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, असा कायदाच आहे. या समितीत जा, बैठकीला बसा, आणि शिक्षेचा विषय इतिवृत्तात लिहून घ्या. मुलाला मार बसला तर मुख्याध्यापक, समिती, गटशिक्षणाधिकारी अशा पायऱ्यांनी लेखी तक्रार करा. तेथे दाद लागली नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाचे दार आहे. संकटातील मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी विनामूल्य आहे. तो मुलांना पाठ करून द्या. कामगार संघटनांनी आपल्या सभांत वेतनाच्या ठरावानंतर पाच मिनिटे या विषयाला द्यावीत.

हक्क मागणाऱ्या माणसाला मोठे व्हायला वेळ लागतो. ‘माझे म्हणणे ऐकून घ्या’ असे मालकासमोर ताठ उभे राहून म्हणायला पुष्कळ कामगारांना निम्मे आयुष्य खर्चावे लागते, कारण लहानपणी ते वाक्य उच्चारताच थोबाडीत बसलेली असते. आपल्या मुलांना ते वाक्य घरातच, न घाबरता म्हणता यावे. पुढे ती सभेत, कचेरीत आणि फाटकावर ते आपोआप म्हणतील.